हवापालट आणि कायमचा मुक्काम

वैद्यकीय व्यवसायात पस्तीस-चाळीस वर्षे घालवलेल्या माणसाला रुग्ण केवळ औषधच विचारतात असे नाही. मुलाने कोणत्या शाखेला जावे, मुलीचे स्थळ कसे आहे, घर विकावे की भाड्याने द्यावे, अशा नाना प्रश्नांचे गाठोडे ते आपल्या टेबलावर सोडतात. गेल्या दहा-बारा वर्षांत त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. "डॉक्टर, निवृत्तीनंतर राहायला कोणता गाव चांगला? बारा महिने हवा सुखद असेल असा?" विचारणाऱ्यांत मुंबईच्या घामाला कंटाळलेले बँक अधिकारी असतात, आखातातून परतलेले अभियंते असतात आणि दवाखाना मुलाच्या हाती सोपवून मोकळे झालेले आपले व्यवसायबंधूही असतात. स्मरणिकेसाठी लेखाची मागणी आली तेव्हा हाच विषय निवडला, कारण मधल्या काळात हा प्रश्न आमच्या स्वतःच्या घरातही येऊन उभा राहिला होता.

प्रश्न नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाची, म्हणजे एकाच वेळी सबंध प्रदेशावर कोसळणाऱ्या रोगराईची चर्चा आहे. तेथे वायू, उदक, देश आणि काल ही चार कारणे सांगून, त्यांतले प्रत्येक पुढचे कारण आधीच्यापेक्षा टाळण्यास अधिक कठीण असे प्रतिपादन केले आहे. आयुर्वेदाने देशाचेही जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार मानले. कोरडा तो जांगल, पाणथळ व दमट तो आनूप आणि दोहोंचा समतोल साधणारा तो साधारण. राहण्यास उत्तम तो साधारण देशच. तिकडे ग्रीसमध्ये हिपोक्रेटसच्या परंपरेतील वैद्यांनी 'वारे, पाणी आणि स्थळे' या विषयावर स्वतंत्र ग्रंथच रचला. नव्या गावी आलेल्या वैद्याने आधी तेथील वाऱ्याची दिशा व पाण्याचा गुण पाहावा, हा त्यातील उपदेश आजही जुना झालेला नाही.

इंग्रज या देशात आले आणि उन्हाळ्याने हैराण झाले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ च्या सुमारास महाबळेश्वरी आरोग्यधाम वसवले ते याच गरजेपोटी. पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये क्षयरुग्णांसाठी 'बेल एअर' हे आरोग्यधाम उभारले. मिरजेजवळच्या वानलेसवाडीलाही क्षयाचे आरोग्यधाम निघाले. आमच्या बेळगावलाही या इतिहासात स्थान आहे. येथे लष्करी छावणी पडली त्यामागे गोव्याच्या वाटेवरचे मोक्याचे ठिकाण हे एक कारण आणि गोऱ्या शिपायाला मानवणारी हवा हे दुसरे. आज टिळकवाडीतल्या ज्या 'व्हॅक्सिन डेपो'च्या मैदानावर आपण सकाळी फिरायला जातो, तेथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून देवीची लस तयार होत असे. वासरांच्या अंगावर वाढवलेली ती लस उष्णतेने लवकर निकामी होई. शीतपेट्यांचा सुकाळ नसलेल्या त्या काळात गावाची थंड हवा हाच केवढा आधार होता! भारत १९७७ मध्ये देवीमुक्त जाहीर झाला. मैदानाचे नाव मात्र टिकून आहे.

आता थोडे शास्त्र पाहू. कोणत्याही गावाची हवा मुख्यतः चार गोष्टींवर ठरते. विषुववृत्तापासूनचे अंतर, समुद्रसपाटीपासूनची उंची, समुद्राची जवळीक आणि वाऱ्या-पावसाची वाट. उंचीचा हिशेब सर्वांत सोपा. दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरीने साडेसहा अंशांनी उतरते. बेळगाव सुमारे साडेसातशे मीटरवर आहे, म्हणजे याच अक्षांशावर समुद्रकाठी असते त्यापेक्षा सुमारे पाच अंश थंडावा आपल्याला फुकट मिळतो. बंगळूर नऊशे मीटरच्या वर, महाबळेश्वर तेराशेच्या वर आणि उटी बावीसशेच्या वर. समुद्र दुसरे काम करतो. तो उन्हाळा व हिवाळा यांतले अंतर मिटवतो, पण त्याची किंमत आर्द्रतेच्या रूपाने वसूल करतो. गोव्यात पारा क्वचितच फार चढतो, तरी मे महिन्यात अंगावरचा सदरा सुकत नाही, तो यामुळेच.

मराठी माणूस पिढ्यान्पिढ्या जेथे जेथे स्थिरावला ती नगरे या कसोटीवर पाहणे मनोरंजक आहे. गायकवाडांचे बडोदे जेमतेम चाळीस मीटर उंचीवर. तेथे मे महिन्यात चाळीस अंश हे नेहमीचे. शिंद्यांच्या ग्वाल्हेरला उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या पुढची लू आणि पौषात हाडे गोठवणारे धुके, अशी दोन्ही टोके. होळकरांच्या इंदूरला माळव्याच्या पठाराची साडेपाचशे मीटर उंची लाभली आहे. तेथे दिवस तापतो पण रात्र निवते, आणि म्हणूनच 'शब-ए-मालवा'ची ख्याती उत्तर हिंदुस्थानात पसरली. हैदराबादही जवळपास तेवढ्याच उंचीवर असून पावसाळा व हिवाळा तेथे आल्हाददायक असतो. आपल्या पूर्वजांनी मात्र हवा पाहून गाव निवडला नव्हता. दौलत, चाकरी आणि पेढी जिकडे, तिकडे ते गेले आणि हवेशी जमवून घेऊन राहिले. हवा पाहून घर निवडण्याची चैन ही आपल्याच पिढीच्या वाट्याला आली आहे.

जगात 'चिरवसंताची नगरी' म्हणून मिरवणारी काही शहरे आहेत. कोलंबियातील मेदेयीन आणि चीनमधील कुनमिंग ही त्यांपैकी प्रसिद्ध; केनियातील नैरोबीची हवाही तशीच. तिघांचेही रहस्य एकच. ती उष्ण पट्ट्यात वा त्याच्या सीमेवर आहेत आणि दीड ते दोन हजार मीटरच्या दरम्यान उंचीवर वसली आहेत. अक्षांशामुळे कडक हिवाळा नाही आणि उंचीमुळे कडक उन्हाळा नाही. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो मात्र थेट समुद्रकाठी. उत्तरेकडून येणारा थंड सागरी प्रवाह तेथील किनारा वर्षभर निववत ठेवतो. आमची कन्या त्या शहरी राहते, त्यामुळे चार महिने ती हवा मी स्वतः अनुभवली. ना पंखा, ना शेकोटी; पावसाचा प्रश्नच नाही, कारण तो वर्षाकाठी जेमतेम अडीचशे मिलिमीटर. पण त्या कोरडेपणातच वणव्यांचे बीज आहे. २००३ आणि २००७ च्या ऑक्टोबरात वाळवंटाकडून आलेल्या उष्ण वाऱ्यांनी तेथे भडकवलेल्या आगींत हजारो घरे भस्मसात झाली. निसर्गाच्या जमाखर्चात नुसती जमेची बाजू कोठेच आढळत नाही.

आता डॉक्टर म्हणून विचार करू. सुखद हवा म्हणजे आरोग्यदायी हवा, हे समीकरण आपण सहज गृहीत धरतो. ते अर्धेच खरे आहे. मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्राने १९५९ मध्ये जगाला दाखवून दिले की, नियमित औषध घेणारा रुग्ण शहरातल्या दाटीवाटीच्या खोलीत राहूनही आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो. थंड हवा, विश्रांती आणि खुराक यांवर उभ्या असलेल्या आरोग्यधामांच्या युगाचा शेवट ज्या घटनांनी झाला, त्यांत हा अभ्यास अग्रभागी होता. तेव्हा हवा औषधाची जागा घेत नाही, हे पहिले सूत्र.

दुसरे सूत्र असे की, थंडी दिसते तितकी निरुपद्रवी नाही. २०१५ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात तेरा देशांतील सात कोटींहून अधिक मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे सात टक्के मृत्यू थंडीशी निगडित आढळले, तर उष्णतेशी निगडित मृत्यू अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यांतही बहुतेक मृत्यू कडाक्याच्या नव्हे, तर साध्या, सौम्य थंडीतले होते. भारत त्या तेरा देशांत नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरी हिवाळ्यात रक्तदाब चढतो आणि हृदयविकाराचे झटके वाढतात, हे आपण सर्वच आपापल्या दवाखान्यात पाहतो. उटी-कोडाईकॅनॉलसारख्या दोन हजार मीटरवरच्या गावी प्राणवायूचा दाबही समुद्रकाठच्या तुलनेत वीस-पंचवीस टक्क्यांनी कमी असतो. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही. ज्याची फुफ्फुसे धूम्रपानाने झिजली आहेत, त्याने मात्र तेथे बंगला बांधण्यापूर्वी छातीच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तिसरे सूत्र उष्णतेचे. शरीर घामाने निवते आणि घाम वाळला तरच निवते. म्हणून केवळ पारा पाहून चालत नाही, आर्द्रताही पाहावी लागते. वय वाढले की तहानेची जाणीव बोथट होते, घाम कमी येतो. त्यात मूत्रल औषधे, काही मनोविकारांवरची औषधे आणि बीटा ब्लॉकर गटातली औषधे यांनी उष्णता सोसण्याची शक्ती आणखी घटते. २०१० च्या मे महिन्यातील लाटेत एकट्या अहमदाबादेत तेराशेहून अधिक जादा मृत्यू झाले. त्यातूनच २०१३ मध्ये तेथील महानगरपालिकेने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा अमलात आणला आणि पुढे देशातील अनेक शहरांनी तो कित्ता गिरवला.

चौथे सूत्र माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. १९९५ च्या जुलैत शिकागो शहरात उष्णतेची लाट येऊन सातशेहून अधिक माणसे दगावली. एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने त्या घटनेचा वस्तीवार अभ्यास केला. सारख्याच गरिबीतल्या, एकमेकींना लागून असलेल्या दोन वस्त्यांत मृत्यूचे प्रमाण फार वेगळे निघाले. जेथे दुकाने चालू होती, रस्त्यावर माणसांची वर्दळ होती, तेथे वृद्ध तगले. जेथे वस्ती उजाड होऊन म्हातारी माणसे दार लावून एकटी बसली होती, तेथे ती मेली. हवा तीच, सूर्य तोच. फरक होता तो दारावर थाप मारणाऱ्याचा.

आता आमच्या घरची गोष्ट. माझ्या पत्नीला तरुणपणापासून दमा आहे. शहापुरातले आमचे वडिलार्जित कौलारू घर, जाड भिंतींचे, उन्हाळ्यात अत्यंत थंड. मात्र मृगाच्या सरी सुरू झाल्या की भिंती पाणी ओढू लागत आणि श्रावणापर्यंत कपाटातल्या कपड्यांना वास येई. ओल, बुरशी आणि गादी-उशांत वाढणारे सूक्ष्म धूळकिडे यांच्या त्रिकुटाविषयी मी वाचकांना काय सांगावे? २०२२ च्या पावसाळ्यात तिला दोनदा रुग्णालयात ठेवावे लागले. दुसऱ्या वेळी अतिदक्षता विभागात तीन रात्री गेल्या. घरी आल्यावर मुलांचे दूरध्वनी सुरू झाले. कन्या म्हणाली, "बाबा, आईला घेऊन कायमचे इकडेच या." पुण्यातला चिरंजीव म्हणाला, "आमच्या संकुलात सदनिका घ्या." एका जिवलग मित्राने आंबोलीजवळचा भूखंड सुचवला. हवा नंबर एक, असे त्याचे म्हणणे.

आम्ही निर्णयाची घाई केली नाही. पीक फ्लो मीटर आणि एक वही घेतली आणि वर्षभर जेथे जेथे राहिलो तेथल्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी केल्या. आंबोलीचा विचार पहिल्याच महिन्यात मागे पडला. तेथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि मोठे रुग्णालय घाटवाटेने तासाभराहून दूर. शिवाय २०१४ चे माळीण, २०२१ चे तळिये, २०२३ ची इर्शाळवाडी आणि २०२४ चे वायनाड ही नावे डोंगरउतारावर घर बांधू पाहणाऱ्याने विसरू नयेत. पुण्यात नोंदी बऱ्या होत्या, पण हिवाळ्यात सकाळच्या धुरकट हवेत त्या घसरत. सॅन डिएगोला त्या उत्तम राहिल्या, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पण तेथे मुलगी-जावई सकाळी बाहेर पडले की आम्ही दोघे आणि खिडकीतला निळा समुद्र. पत्नी एकदा म्हणाली, "श्वास छान चालतोय हो, पण तो कोणाशी बोलण्यात खर्च करू?"

मग आम्ही आपल्याच जिल्ह्याचा पर्जन्यनकाशा पुढे घेतला. पश्चिम घाटाच्या पूर्वेकडील प्रदेशाचे वैशिष्ट्य असे की, पन्नास-शंभर किलोमीटरच्या अंतरात पाऊस कित्येक पटींनी बदलतो. चोर्ल्याच्या माथ्यावर कणकुंबीला धो धो, बेळगावला सुमारे बाराशे-तेराशे मिलिमीटर आणि पूर्वेला अथणीकडे पाचशे-सहाशे. आनूप, साधारण आणि जांगल हे तिन्ही देश एकाच जिल्ह्यात! मिरजेला पाऊस बेळगावच्या निम्म्याने. माझे वैद्यकीय शिक्षण मिरजेचे, मेहुणे तेथे राहतात, रुग्णालये उत्तम आणि रेल्वेने अंतर सुमारे तीन तासांचे. २०१९ आणि २०२१ साली कृष्णेने सांगली-मिरजेच्या सखल भागात काय हाहाकार केला ते ठाऊक होते. मेहुण्यांचे घर उंचवट्यावर आहे, ही खात्री करून घेतली.

निर्णय झाला तो असा. शहापूरचे घर सोडायचे. बेळगाव सोडायचे नाही. हिंदवाडीत तिसऱ्या मजल्यावर, पूर्व-दक्षिणेची उन्हे येणारी, भिंती कोरड्या असलेली, लिफ्टची सोय असलेली सदनिका घेतली. जुलै-ऑगस्ट हे दोन महिने मुक्काम मिरजेला. संन्यासी चातुर्मासात एका जागी थांबतात, आम्ही नेमके तेव्हाच प्रस्थान ठेवतो, अशी थट्टा मित्रमंडळी करतात. घर सोडण्याच्या दिवशी पत्नी अंगणातल्या तुळशीवृंदावनापाशी बराच वेळ उभी होती. चार पिढ्यांचे घर होते, ते सोपे नव्हते. मात्र त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत तिला एकदाही रुग्णालयात ठेवावे लागले नाही. इन्हेलर नियमित चालू आहे. श्रेय हवेचे किती, कोरड्या भिंतींचे किती आणि औषधाचे किती, याची वाटणी मी करू शकत नाही. तिन्हींचे मिळून ते आहे.

या वर्षभराच्या शोधातून जे हाती आले, ते आता विचारणाऱ्यांना मी थोडक्यात सांगतो. गाव पाहायचा तर त्याच्या सर्वांत वाईट महिन्यात पाहावा. महाबळेश्वर मे महिन्यात नव्हे, जुलैत पाहावे. घर घेण्याआधी एक वर्ष भाड्याने राहावे. गावाच्या हवेइतकीच घराची हवा तपासावी, कारण वृद्ध माणसाचे वीस तास घरातच जातात. तेव्हा मजला, दिशा, वायुवीजन आणि ओल आधी पाहावी. हृदयविकाराचा झटका आल्यास तासाभरात उपचार मिळेल असे रुग्णालय कोठे आहे, हे नकाशावर मोजावे. उन्हाळ्यात पाणी येते का, हे शेजाऱ्याला विचारावे. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरसारख्या शीतल नगरीतही टँकरसाठी रांगा लागल्या होत्या. आणि विचारायला शेजारी आहे का, हेही त्या निमित्ताने कळेल.

एक शेवटचा मुद्दा, विशेषतः आपल्या गावकऱ्यांसाठी. गावाची हवा ही वडिलार्जित ठेव आहे, पण ती खर्च होते. बंगळूरला २०१६ च्या एप्रिलात पारा ३९.२ अंशांवर गेला. बेळगावला 'गरिबांचे महाबळेश्वर' म्हणत. माझ्या लहानपणी येथे पंखा ही श्रीमंतीची खूण नव्हे, अनावश्यक वस्तू होती. वैशाखातल्या तापल्या दुपारीनंतर वळीव यायचा आणि रात्री पांघरूण लागायचे. आज नव्या वसाहतींत वातानुकूलन यंत्रे लटकली आहेत. रुंद झालेल्या रस्त्यांकडेची झाडे गेली, नाल्यांच्या काठची शेते बुजली आणि २०१९ च्या ऑगस्टात त्या नाल्यांनी आपली जागा परत मागितली, तेव्हा शहराचा मोठा भाग पाण्यात होता. छावणीतल्या जुन्या झाडांखालून जाताना अंगाला लागणारा गारवा आणि नव्या पेठेतली धग यांतला फरक मोजायला तापमापीची गरज नाही.

डॉक्टरांचा शब्द समाजात अजून ऐकला जातो. आपल्या संघटनेने रक्तदानाची, मधुमेह तपासणीची शिबिरे भरवली, तशीच दर पावसाळ्यात प्रत्येक सभासदाने आपल्या दवाखान्यासमोर एक सावलीचे झाड लावून ते तीन वर्षे जगवण्याचा संकल्प करावा, असे मला सुचवावेसे वाटते. त्याचबरोबर एप्रिल-मे आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्या यादीतल्या एकट्या राहणाऱ्या वृद्ध रुग्णांना आठवड्यातून एकदा दूरध्वनी करावा. पहिल्या कामाचे फळ आपल्या नातवंडांना मिळेल, दुसऱ्याचे त्याच आठवड्यात दिसेल. यंदाच्या वार्षिक सभेत हा ठराव मांडण्याचा माझा मनोदय आहे; अनुमोदनासाठी आपण सर्वांनी उपस्थित राहावे, ही विनंती.